उन्हात ठेवलेली चौकट

“हे सागवान नाही,” डोमाजीकाका म्हणाले. त्यांनी चौकटीच्या उभ्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि तो वर करून सगळ्यांना दाखवला. अंगठ्याला काहीच लागलेलं नव्हतं, तरी सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

श्रावणजी गहाण्यांच्या नव्या घराच्या अंगणात ती चौकट दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली होती. झेंडूची माळ घालून झाली होती. भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या आणि मध्ये दाराची जागा मोकळी सोडली होती. भटजी पाट मांडून बसले होते. आमच्याकडे चौकट उभी करायचा दिवस म्हणजे घराचं अर्धं लग्नच. घरची सवाष्ण चौकटीला हळदकुंकू लावते, मग ज्या वाढयाने ती केली त्याला आणि त्याच्या हत्याराला लावते. घरधनी त्याच्या डोक्याला शेला बांधतो. मग चौकट उभी करतात आणि शेवटची खुंटी तो वाढई आपल्या हाताने ठोकतो. वाढई म्हणजे सुतार. चांद्याकडे आम्हाला वाढईच म्हणतात.

मी बाहेर, कुडाच्या तट्ट्यामागे उभी होते. नवरा जाऊन तीनेक वर्षं झाली होती. अशा दिवशी अंगणात पाय ठेवायची मला मुभा नव्हती, पण तट्ट्याला भोकं भरपूर होती.

“काय म्हणता डोमाजी?” श्रावणजी गडबडले. “लाकूड त मीच देल्लं. बांधावरचं झाड होतं. बाबांनी घरासाठी म्हणून राखलं होतं.”

“तुम्ही सागवानच देल्लं असन. मी कोठं नाही म्हणतो?” काका शांतपणे म्हणाले. “पण हे येन आहे. रंग पाहा ना. काळ्या रेघा, मधामधात हिरवट. तुमच्या जुन्या घराचं दार कसं आहे? सोन्यावानी. हे सोन्यावानी दिसते काय? सांगा, दिसते काय?”

दिसत नव्हतं. चौकट मळकी, हिरवट दिसत होती, कोणी ओल्या गोणपाटाने पुसल्यासारखी. श्रावणजींनी पुढे वाकून पाहिलं आणि ते मागे सरले. मग सगळ्यांनी माझ्या बाबांकडे पाहिलं.

बाबा खाटेच्या कडेवर बसले होते. त्यांचे हात थरथरत होते. ते हात दोन वर्षांपासून थरथरत होते, गावातल्या लहान पोरालाही ते ठाऊक होतं. पण त्या क्षणी ती थरथर चोराची वाटत होती. घरधन्याचं सागवान ठेवून घेतलं आणि त्याच्या जागी येन, म्हणजे ऐनाचं स्वस्त लाकूड, लावलं, याहून मोठी शिवी वाढयाला नाही. असा शिक्का बसला की त्या माणसाला पुन्हा कोणी नांगराचा दांडासुद्धा करायला देत नाही.

“लहानू,” काका बाबांना म्हणाले, “तूच सांग बाप्पा. तुझ्या हातची चौकट आहे. सागवान होय का येन?”

आणि बाबा बोलले नाहीत. ते का बोलत नव्हते, ते काकांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी तसं विचारलं होतं.

ती चौकट बाबांच्या हातची नव्हतीच.

बाबांचा हात बिघडला तेव्हा मी नुकतीच माहेरी परत आले होते. लहानपणापासून भुशातच वाढले होते, त्यामुळे हत्यारं मला परकी नव्हती. आधी मी नुसती लाकूड धरायचे, मग रंधा मारू लागले, मग सांधे करू लागले. पण बाईने वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, धरायचा नाही आणि विधवेने तर शुभकामाच्या लाकडाला हातसुद्धा लावायचा नाही. म्हणून मी मागच्या खोलीत दार लावून काम करायचे आणि बाबा समोरच्या पडवीत मांडीवर एखादी फळी घेऊन बसायचे. मागे ठोकाठोकी चालू असताना कोणी आलं की बाबा घाईघाईने वाकस उचलायचे. एकदा ते चिलीम ओढत होते आणि मागे माझी मोगरी चालू होती. आलेल्या माणसाने विचारलं, “हे कोण ठोकून रायलं?” बाबा म्हणाले, “भाचा आला आहे.” तो भाचा मग वर्षभर आमच्याकडेच राहिला.

गावाला कळत नव्हतं असं नाही. सगळे समजून होते आणि कोणी बोलत नव्हतं. डोमाजीकाका बाबांचे चुलतभाऊ, तेही वाढई. दिवाळीनंतर ते घरी आले होते. “लहानू, आता तुझ्यानं होत नाही. तुझ्याकडची घरं माझ्या पोराकडे दे,” असं म्हणाले होते. प्रत्येक वाढयाची ठरलेली घरं असत, त्यांची सगळी कामं तोच करी. बाबांनी नाही म्हटलं. काका हसले आणि चहा पिऊन गेले.

आता तट्ट्याच्या भोकातून मला त्यांचं ते हसू ओळखू आलं. काकांना सागवान कळत नव्हतं असं अजिबात नव्हतं. डोळे मिटून, नुसत्या भुशाच्या वासावर ओळखणारा माणूस. ते खोटं बोलत होते. बाबा चोर ठरणार, नाहीतर पोरीच्या हातची चौकट गळ्यात मारली म्हणून फसवे ठरणार. दोन्हीकडून घरं काकांकडेच जाणार होती.

मी तट्टा बाजूला सारला आणि अंगणात गेले.

“वच्छला, मागं हो,” बाबा म्हणाले. तेवढं मात्र त्यांना बोलता आलं.

मी मागे झाले नाही. “बाबांनी लाकूड बदललं नाही,” मी म्हटलं. “बाबांनी या चौकटीले हातच लावला नाही. मी केली.”

भटजींनी पळी तांब्यात टाकली. बायकांत कोणीतरी “अगं बाई” म्हणालं. काकांना मात्र हेच हवं होतं.

“ऐकलं श्रावणजी?” ते म्हणाले. “मोकळ्या कपाळाच्या बाईच्या हातची चौकट. आणि तेही येनाची.”

“चौकट कोणाच्या हातची ते मी सांगितलं. कशाची आहे तेही सांगते. सागवान आहे.”

“कशावरून?”

मी चौकटीच्या सांध्यात अडकलेला रंध्याचा छिलका काढला आणि बोटांत चोळला. “हे घ्या. तेलकट लागते. वास पाहा, जुन्या चामड्यावानी येते. येनाले असा वास नसते.”

छिलका हातोहात फिरला. जमलेल्यांत बकारामजी सगळ्यांत म्हातारे होते, म्हणून त्यांचं मत महत्त्वाचं. त्यांनी तो बराच वेळ नाकाशी धरला.

“मले त तपकिरीचाच वास येते,” ते म्हणाले.

लोक हसले. बकारामजींच्या नाकात चाळीस वर्षांची तपकीर होती, त्यांना पारिजातकालाही तपकिरीचाच वास आला असता. पण हसण्याने माझं म्हणणं हवेत उडालं.

“वासाचं काय घेऊन बसलात,” काका म्हणाले. “एक बाजू करवतीनं कापा. कापल्या तोंडावर सागवानाचे गोल कडे दिसतात. लगेच कळते.”

“कापली त चौकट गेली.”

“येनाची चौकट गेली त काय झालं?”

श्रावणजी आता करवत मागवतात की काय, असं मला वाटलं. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. वडिलांनी राखलेलं झाड होतं ते. मी चौकटीच्या आडव्या पट्टीवर हात ठेवला. लाकूड थंडगार होतं. मागच्या खोलीत ते असंच थंड असायचं, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि दार मी कधी उघडं ठेवलं नव्हतं. तेव्हा मला एकदम कळलं की ही चौकट अशी का दिसते.

“याले ऊन लागलं नाही,” मी म्हणाले.

“काय?” श्रावणजींनी विचारलं.

“सागवान रंधल्यावर असंच निघते. हिरवट, काळपट. मग वाढई ते अंगणात काम करता करता उन्हात ठेवते, आणि तुमच्या दारात येईपर्यंत ते सोन्यावानी होते. म्हणून तुम्ही कोणी ते असं पाहिलंच नाही. मी बंद खोलीत केलं. चिमणीच्या उजेडात. याले ऊन कोठून लागणार? हे डोमाजीकाकाले ठाऊक आहे. विचारा त्याईले.”

काका म्हणाले, “बंद खोलीत काऊन केलं मग? चोरीचं काम बंद खोलीतच होते.”

“तुमच्या भीतीनं केलं,” मी म्हणाले. “आता उघड्यावर करते. चौकट इथंच, अंगणात उन्हात राहू द्या. दाराच्या फळ्याही मी इथंच बसून करते. रंग चढला नाही त तुम्ही करवत लावा.”

“आणि मुहूर्त?” भटजींनी विचारलं.

“दुसरा काढा.”

मग श्रावणजींची बायको सगुणाबाई पुढे आली. हातात हळदकुंकवाचं ताट तसंच होतं. ती फारशी बोलणारी बाई नव्हती.

“रंग चढला, पण तुनं तेल-हळद चोळली असं लोक म्हणतीन,” ती मला म्हणाली. “मग?”

“तुमच्या हातानं एक पट्टी बांधा, वहिनी. या बाजूले. गाठ तुमची राहू द्या. पट्टीखाली ऊन जाणार नाही. सोडाल तेव्हा खालचं आणि बाहेरचं दोन्ही पाहा.”

तिने ताट खाली ठेवलं. आत जाऊन जुन्या लुगड्याचा काठ फाडून आणला, चौकटीला गुंडाळला आणि गच्च गाठ मारली. नवऱ्याला तिने विचारलं नाही. मला ते आजही आठवतं. लुगडं जांभळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं डोक्यावर घेऊन गावातून गेले. आधी ती नेहमी गोणपाटात झाकलेली असत. त्या दिवशी वाकस, रंधा, पटाशी सगळं टोपलीत उघडं होतं. आई असती तर तिने मला घराबाहेर पडू दिलं नसतं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

माघ संपत आला होता, ऊन अजून सोसवत होतं. मी सकाळी चौकट उन्हात ओढायचे, तासातासाने बाजू बदलायचे आणि दुपारचं ऊन तापलं की कडुनिंबाच्या सावलीत घ्यायचे, नाहीतर लाकूड तडकलं असतं. तिथेच बाजूला बसून दाराच्या फळ्या रंधायचे. लुगड्याचा काष्टा मारलेला, पदर कमरेला खोचलेला. रस्त्याने जाणारी माणसं थांबत.

“काय वच्छलाबाई, वाकसानं भाजी चिरशीन काय आता?”

“भाजी कायले? येथं उभे राहा, तुमचीच दाढी करून देतो.”

बाई असून मी मुद्दाम पुरुषासारखं ‘देतो’ म्हटलं. लोक हसले आणि तो गेला. दुसरे आले. एकाने विचारलं, नवऱ्याचं वर्षश्राद्ध तरी नीट घालतेस ना. मी म्हटलं, “घालते. तुम्ही जेवाले आले होते, विसरले काय?” विहिरीवर बायका माझ्या जवळून घागर भरून जात आणि मला ओलांडल्यावर पुटपुटत. सगुणाबाईच्या सासरचं कोणीतरी येऊन सांगून गेलं की घराला अपशकुन होतोय. ती मला ताक द्यायला बाहेर आली तेव्हा मी विचारलं, “वहिनी, तुम्हाले भीती नाही वाटत?”

“वाटते ना,” ती म्हणाली. “पण गाठ मी मारली आहे.”

काका रोज एकदा रस्त्यावरून जात. थांबत नसत. चौकटीकडे बघत आणि चालते होत. एक दिवस मात्र थांबले.

“वच्छले, पोरी,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुले वाटते तू जिंकशीन. समज सागवान निघालं. मग? कोण तुले काम देईन? बाईच्या हातचा पाट लग्नात कोण मांडन?”

“ते त्याईनं ठरवावं. तुम्ही कायले ठरवता?”

“मी तुझ्या भल्याचं सांगतो.”

“त खोटं कायले बोलले?”

ते निघून गेले. मी रंधा पुन्हा फळीवर मारू लागले.

बाबा पहिले काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी भाकरी वाढायचे, ते जेवायचे. मग एका दुपारी मी रंधा मारत असताना समोर काठीची सावली पडली. बाबा उभे होते. गावातून एकटे चालत आले होते. रस्त्यावर नेहमीचे चार-पाच लोक होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या बाजूला भुशात बसले, माझ्या हातातला रंधा घेतला, पालथा केला आणि डोळ्यांपुढे धरला.

“पाती जास्त निघाली आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “म्हणून उचकते. मागं घे.”

मी पाती ठोकून मागे घेतली. बाबांनी फळीवरून थरथरता हात फिरवला.

“आता मार.”

मी मारला. छिलका लांब निघाला. बाबा संध्याकाळपर्यंत तिथेच बसले आणि मला सगळ्यांसमोर शिव्या देत राहिले. माझा कोन वाकडा, माझी रेघ जाड, माझं बसणं चुकीचं. त्या दिवसापासून रस्त्यावरची गर्दी कमी झाली. बाप पोरीला काम शिकवतोय, त्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही.

दुसऱ्या मुहूर्ताला गाव पहिल्यापेक्षा जास्त जमलं. घोड्यांवर चौकट होती, आणि जवळ यायच्या आधीच लोकांना दिसत होतं. तरी सगुणाबाईने गाठ सोडली. गाठ कडक झाली होती, तिला दातांनी सोडावी लागली. जांभळा काठ निघाला. खाली तो जुना हिरवट, मळका रंग होता, वीतभर रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंना चौकट सोन्यासारखी झळकत होती.

बकारामजींनी जवळ जाऊन पाहिलं. “सागवानच होय,” ते म्हणाले. मग वासही घेतला आणि मान डोलावली. त्या दिवशी त्यांना नेमका कसला वास आला कोण जाणे.

“श्रावणजी, माझीच नजर चुकली,” डोमाजीकाका पटकन पुढे झाले. “मोतीबिंदू आहे ना मले. लहानू, माफ कर बाप्पा. तुझं नाव निर्मळ झालं. आता मुहूर्त चुकवू नोका. शेला लहानूले बांधा, खुंटी लहानूच्या हातानं मारू. वच्छला, तू आता मागं जाय, सवाष्णी येऊन रायल्या.”

किती सोपं केलं त्यांनी. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. श्रावणजींनी सुटल्यासारखा श्वास घेतला. बाबांचं नाव स्वच्छ झालं होतं, घर नीट होणार होतं, कोणी चोर नव्हतं. फक्त मी पुन्हा तट्ट्यामागे जायचं होतं. भटजींनी माझ्याकडे बघून हाताने खूण केली, कोंबडी हाकतात तशी.

मी गेले नाही.

“बाई,” श्रावणजी समजुतीने म्हणाले, “काम तू केलं, सारे जाणतात. पण रीत आहे. मुहूर्त चालला.”

“जाऊ द्या. मागचाही गेला होता. घर पडलं काय?”

“असं बोलू नये...”

“शेला बाबाले बांधा,” मी म्हणाले. “त्याईनं मले शिकवलं. पण रीत अशी आहे की ज्यानं चौकट केली त्याच्या हत्याराले कुंकू लागते, आणि शेवटची खुंटी तोच ठोकते. माझ्या कपाळाले लावा असं मी म्हणत नाही. माझ्या रंध्याले लावा.”

मी रंधा दोन्ही हातांत धरून सगुणाबाईपुढे केला. बाबांकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित हात खाली आला असता.

सगुणाबाईने ताट उचललं. आधी चौकटीला कुंकू लावलं. मग माझ्यासमोर आली. तिची दोन बोटं कुंकवात बुडालेली होती आणि ती तशीच थोडा वेळ थांबली. मागून तिच्या सासूचा खोकला ऐकू आला, मुद्दामचा. मग तिने रंध्यावर, जिथे माझ्या हाताच्या घामाने लाकूड काळं झालं होतं तिथे, कुंकू लावलं. वर अक्षता टाकल्या.

“मारा बाई खुंटी,” ती म्हणाली. मला तिने आयुष्यात पहिल्यांदाच अहो-जाहो केलं.

चौकट उभी करायला चार माणसं लागतात. दोन खाली, दोन वर. रीतीप्रमाणे त्यातला एक वाढयांच्या कुळातला असावा लागतो. आमच्या कुळातले तिथे दोघेच होते, आणि बाबांच्या हातांनी चौकट धरवली नसती. सगळे डोमाजीकाकांकडे बघू लागले. ते थोडा वेळ जागचे हलले नाहीत. मग धोतराचा सोगा खोचून पुढे आले आणि डावी बाजू खांद्याला लावली.

चौकट उभी राहिली. मी स्टुलावर चढले. वरच्या सांध्याच्या भोकात बांबूची खुंटी बसवली आणि मोगरी उचलली. काकांचं तोंड माझ्या अगदी जवळ होतं. मला त्यांचा श्वास लागत होता. त्यांची नजर खाली होती आणि चौकट थोडीशी हलत होती.

“डोमाजीकाका,” मी म्हणाले, “घट्ट धरा. हललं त सांधा उकलते.”

त्यांनी घट्ट धरली.